न केलेली आठ घरं

विजयश्री टेकाळेच्या हातात एक गुण होता आणि तो तिला कंपनीने शिकवला होता. न मोजलेल्या वस्तूचं माप ती असं लिहायची की वाचणाऱ्याला वाटावं, हिने दोनदा मोजलंय.

बारावीनंतर दोन वर्षं ती तळवड्याच्या एका शेडमध्ये लाइन इन्स्पेक्टर होती. मशीनवरून गाड्यांना लागणारे लोखंडी बुश, म्हणजे जाड आखूड नळ्या, निघायचे. दर तासाला त्यातले पाच उचलायचे, मायक्रोमीटरने मोजायचे आणि रिपोर्टच्या चौकटीत आकडे भरायचे, असा नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता. पहिला आठवडा तिने इमानदारीने मोजले. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझर रणजीतभाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, सोनं तोलतेयस का?"

"दर तासाला पाच असं लिहिलंय ना, भाऊ."

"ते ऑडिटवाल्यासाठी लिहिलंय. मशीन सकाळी एकदा सेट झालं की संध्याकाळपर्यंत हलत नाही. सकाळी दोन मोज, जेवण झाल्यावर एक मोज, बाकीचं शिफ्ट संपताना बसून भरून टाक. फक्त सगळे आकडे सारखे नको लिहू, जरा इकडेतिकडे हलव. आणि पेन बदलत जा मधूनमधून."

ती पेन बदलायला शिकली. माल कधी परत आला नाही. रिपोर्ट फायलीला लागले, फायली कपाटात गेल्या आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे तिला दोन वर्षांत कळलं नाही. यात आपण कुणाला फसवतोय असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. रोजच्या आमटीत मीठ कुणी मोजून घालतं का? हाताला अंदाज असतो. तसंच ते.

तिचे वडील नवनाथ टेकाळे कळंब तालुक्यातून आलेले. भोसरीच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात वीस वर्षं हॅमरवर तापलेलं लोखंड ठोकत होते. आई कस्तुरा घरी साड्यांना फॉल-पिको करायची. रुपीनगरात दोन खोल्या, पुढच्या खोलीत पिकोचं मशीन, मागच्या खोलीत बाकीचं सगळं. विजयश्रीला कॉलेजात शिकवलेल्या एका बाईंनी एक दिवस फोन केला. चाकणच्या पुढे टेकडीवर एक छोटं विद्यापीठ आहे, जेमतेम तीनशे मुलं, फी माफ होते, परीक्षेत फक्त एक निबंध लिहायचा असतो, मराठीत लिहिला तरी चालतो. विषय होता, तुम्ही रोज करता असं एखादं काम. विजयश्रीने बुश मोजण्यावर चार पानं लिहिली. न मोजण्याबद्दल अर्थातच काही लिहिलं नाही. तिची निवड झाली.

"काय शिकिवतेत तिथं?" नवनाथरावांनी विचारलं.

"इतिहास, अर्थशास्त्र, थोडं गणित, मानसशास्त्र, नाटक..."

"नाटक?"

"ज्याला पाहिजे त्याला."

"आन् शिकून माणूस काय व्हतंय? इंजिनिअरिंग केलं की इंजिनिअर व्हतंय, नर्सिंग केलं की नर्स व्हतंय. हितून निघालेलं काय व्हतंय?"

विजयश्री माहितीपत्रक उघडून बसली, त्यात याचं उत्तर नव्हतं. तेवढ्यात पिकोचं मशीन थांबवून कस्तुराबाई म्हणाल्या, "व्हईल ते व्हईल. दोन वर्षं लोखंड मोजून तरी काय झाली?"

त्या एका वाक्यावर विजयश्री टेकडीवर गेली.

खाली ट्रक, गोदामं आणि कंपन्यांची निळी छपरं, आणि वर पाचसहा इमारती, एक वाचनालय, एक मेस. वर्गात बाकं नव्हती. पंधरा खुर्च्या गोल मांडलेल्या, शिक्षकाचीही त्यातच एक. कुणी कुठेही बसायचं आणि बोलायचं. पहिला महिनाभर विजयश्री बोललीच नाही. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे ती घरी आणि शाळेत शिकली होती, आणि इथे तोंड घालण्यालाच गुण होते. शिवाय शिक्षकांना नावाने हाक मारायची पद्धत. समाजशास्त्र शिकवणाऱ्या भाग्यश्री पन्नाशीच्या, केस पांढरे झालेले; दिल्ली-मुंबईची पोरं खुशाल "भाग्यश्री, मला हे पटत नाही" म्हणायची. विजयश्रीच्या जिभेला ते जमेना. मॅडम म्हटलं की त्या हसायच्या. मग तिने मधला रस्ता काढला. तीन वर्षं ती त्यांच्याशी एकही संबोधन न वापरता बोलली. थेट समोर जाऊन उभी राहायची आणि वाक्याला सुरुवात करायची.

हळूहळू जमलं. इंग्रजी वाचायला लागली, आधी शब्दकोश मांडीवर घेऊन आणि मग नुसती. दुसऱ्या वर्षी तिने वर्गात पहिल्यांदा "मला पटत नाही" म्हटलं आणि नंतर पाणी प्यायला बाहेर गेली. खोलीतली सोबतीण मोनिका नागपूरची, बोलण्यात दोघींची बरोबरी करणारी. "तू ऐकते जास्त, म्हणून तुझा एक मुद्दा निघतो अन् आमचे दहा वाया जातात," असं ती म्हणायची. तिसऱ्या वर्षापर्यंत विजयश्री हुशार मुलींत मोजली जायला लागली. जूनमध्ये पदवी मिळणार होती. नवनाथरावांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि "व्हतंय काय?" असं कुणी विचारलं तर "व्हतंय की, बघा तुमी," असं सांगायला ते शिकले होते.

शेवटच्या सत्रात भाग्यश्रींचा एक विषय होता, तो वर्गात शिकवलाच जात नव्हता. टेकडीच्या पायथ्याशी जुनं गाव आहे. जमिनी कंपन्यांना गेल्या, उरलेल्यावर गावकऱ्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. प्रत्येक विद्यार्थ्याने त्या गावातल्या, यादीत दिलेल्या वीस घरी जायचं आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही अलीकडे नवीन काय शिकलात आणि कुणाकडून? घराला एक कागद. वर यादीतलं नाव आणि वय, तारीख, खाली उत्तर.

विजयश्रीने बारा घरं मनापासून केली. तीन रविवार गेले. उत्तरं जवळपास एका साच्यातली यायची. कुणी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकलेलं, शिकवणारा नातू. कुणी साखरेचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घ्यायला शिकलेलं, शिकवणारी सून. आणि अगदी म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "आता काय शिकायचं बाई, न्हाई काय."

चौथ्या रविवारी ती गेली नाही. कारण सांगायचं तर मोठं काही नव्हतं. सोमवारी अर्थशास्त्राचा पेपर होता, ऊन होतं आणि पुढची आठ घरं काय सांगणार हे तिला कळून चुकलं होतं. अशाच घरांत ती वाढली होती. वाचनालयात बसून तिने तासाभरात आठ कागद भरले. उत्तरं सारखी होऊ नयेत म्हणून जरा हलवली. पेन बदललं. त्याच रविवारची तारीख टाकली आणि वीस कागदांचा गठ्ठा भाग्यश्रींच्या टेबलावर ठेवून आली. तिच्या मनाला काही टोचलंही नाही, हे नंतर तिला सगळ्यात जास्त आठवायचं.

पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी भाग्यश्रींनी वर्गात सांगितलं, "येत्या रविवारी गावात वाचन. शाळेच्या पटांगणात. ज्याने ज्याचं लिहिलं, ते त्याने गावासमोर मोठ्याने वाचायचं. चुकलं असेल तर गाव दुरुस्त करेल. कुणाला आधी काही सुधारायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कागद परत न्या."

हे विषयाच्या पहिल्याच पत्रकात होतं, चौथ्या पानावर. विजयश्रीने ते वाचलंही होतं. पण भिंतीवर फ्रेम केलेला नियम माणूस वाचतो तसंच वाचलं होतं. लिहिलेला कागद कुणी पुन्हा उघडतं, तेसुद्धा ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यासमोर, हे तिच्या अनुभवातच नव्हतं. अभ्यासात खोटं भरलं तर विषय नापास, आणि हा विषय नापास म्हणजे जूनची पदवी गेली, हेही त्याच पानावर होतं.

खोलीवर येऊन तिने मोनिकाला सांगितलं. मोनिकाने पुस्तक मिटलं.

"आठ? अख्खे आठ?"

"हो."

"अगं, मग घाबरते कशाला? कागद परत घेऊन ये, उद्या-परवा दोन दिवसांत आठ घरं करून टाक. मागचीच तारीख राहू दे. कोण बघतंय?"

हे शहाणपणाचंच होतं. सुधारायला कागद मिळतच होते. विजयश्रीने गठ्ठा परत आणला आणि बुधवारी सकाळी पहिल्या घरी गेली.

ते सोजराबाईंचं घर. पुढे अंगण, बाजूला भाड्याच्या चार खोल्यांची ओळ. सोजराबाई सत्तरीच्या, अंगणात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विजयश्रीने तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आली का? लई लवकर आलीस."

"आजी, मी वरच्या कॉलेजातून..."

"म्हाईत हाय. गोजाबाईच्या घरी गेली व्हतीस, अंबुबाईच्या घरी गेली व्हतीस. तिथनं निघालीस आन् माझ्या दारावरनं मान खाली घालून गेलीस. मी म्हनलं, फुडच्या रविवारी यील. लुगडं बदलून बसले व्हते दुपारपतूर."

विजयश्री अंगणाच्या कडेला बसली.

"मला वाटलं," सोजराबाई लसणाची पाकळी ताटात टाकत म्हणाल्या, "पोरीनं लांबनंच ठरवलं, ह्या म्हातारीला काय येत नसंल."

ठरवलं होतंच. सोजराबाईंच्या कागदावर, उत्तराच्या जागी, विजयश्रीच्या अक्षरात एकच शब्द होता: नाही. तो कागद आत्ता तिच्या पिशवीत होता.

"विचारू का आता?" तिने विचारलं.

"इचार की. लसूण घे, सोलत सोलत इचार."

मग सोजराबाईंनी सांगितलं. शेवटच्या खोलीत ओडिशाचं जोडपं राहतं. नवरा कंपनीत, पोरगी घरात एकटी, पोटुशी. तिला मराठी येईना की हिंदी. हसली तरी कळेना की रडली. सोजराबाई रोज दुपारी तिच्या दारात जाऊन बसायच्या, एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव विचारायच्या. आठ महिन्यांत तिची भाषा बोलायला लागल्या, मोडकीतोडकी, पण चालण्यासारखी. दवाखान्यात कळा सुरू झाल्यावर नर्सबाई एक विचारायची, ही भलतंच सांगायची, आणि दोघींच्या मध्ये सोजराबाई.

"आपल्यात कष्ट म्हंजी काम. तिच्यात कष्ट म्हंजी दुखणं. नर्सबाई म्हनली, ती काय म्हनतीय? म्या म्हनलं, लई दुखतंय म्हनतीय, कामाचं काय न्हाई." सोजराबाई खुदकन हसल्या. "पोरगी झाली. आता ती बी मलाच आज्जी म्हनंल."

विजयश्री भराभर लिहीत होती. लिहून झाल्यावर तारखेच्या जागी पेन अडलं. सोजराबाईंचं लक्ष होतं, पिशवीतून डोकावणाऱ्या भरलेल्या कागदांकडेही.

"काय झालं? तारीख म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे. पण त्या रविवारचीच टाकायचं ठरलं होतं."

"मग आजची टाक. माझी सून वाचून दाखवणार हाय मला. ज्या दिशी मी वाट बघत बसले त्या दिसाची तारीख माझ्या कागदावर नगं. आन् आदी काय लिवलं व्हतंस माझ्या नावाफुडं?"

खोटं बोलायला जागा होती. काही लिहिलं नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. विजयश्रीने पिशवीतून कागद काढला आणि वाचून दाखवला. नाव, वय, प्रश्न, नाही.

सोजराबाईंनी लसणाचं ताट तिच्या पुढ्यातून ओढून घेतलं. "जा," त्या म्हणाल्या. रागावून नाही. पाहुण्याला वेळ झाली की म्हणतात तसं.

उरलेल्या सात घरी ती गेली नाही. आजची तारीख टाकली तर भाग्यश्रींना सगळं कळणार, मागची टाकली तर सोजराबाईंना. तिने चढ चढून थेट भाग्यश्रींची खोली गाठली, नेहमीप्रमाणे हाक न मारता समोर उभी राहिली आणि म्हणाली, "यातली आठ घरं मी केलेली नाहीत. घरी न जाता भरली. आज एक करून आले."

भाग्यश्रींनी चष्मा लावला. "कुठली आठ?"

विजयश्रीने सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि गठ्ठा स्वतः चाळला. बराच वेळ चाळला. मग दोन कागद बाजूला काढले. "ही दोन नक्की."

"ती खरी आहेत."

भाग्यश्रींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंचवीस वर्षं त्या असे कागद वाचत आल्या होत्या. "कुठे शिकलीस हे?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी चौकशी होती. विजयश्रीने शेडमधलं सगळं सांगितलं, रणजीतभाऊ, सकाळचे दोन नग, संध्याकाळचे बाकीचे. भाग्यश्रींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"तू आज आली नसतीस तर मला कळलं नसतं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण नियम तुला माहीत आहे. विषय पुढच्या सत्रात पुन्हा करायचा. पदवी डिसेंबरला."

"हो."

"आणि रविवारी तू वाचणार आहेस. बारा घरं वाचायची. आठांचं काय झालं तेही सांगायचं."

हे मात्र विजयश्रीला अपेक्षित नव्हतं.

रविवारी शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. साठेक माणसं आली, पुढे म्हातारी मंडळी, मागे सुना-नातवंडं. विजयश्रीची पाळी चौथी. तिने बारा घरं वाचली. अंबुबाईंनी मध्येच "सून न्हवं, लेक! लेकीनं शिकवलं!" म्हणून दुरुस्ती केली आणि सून पदर तोंडाला लावून हसली. मग विजयश्री थांबली, आणि कागदाकडे न बघता म्हणाली, "पुढच्या आठ घरी मी आले नाही. न येता उत्तरं माझ्या मनाने लिहिली. त्याबद्दल मी नापास झाले आहे. तुमची माफी मागते."

मोनिका खाली बघत होती. तेवढ्यात मधल्या ओळीतून दत्तोबा उठले. त्यांचं घर त्या आठांतलंच.

"माफी ऱ्हाऊ दे. माझं काय लिवलंस त्ये तर वाच!"

"अहो, ते खोटं आहे, बाबा."

"आसू दे की. आपल्या माघारी लोक काय म्हनत्यात ते ऐकायला कवा मिळतंय?"

हशा पिकला. भाग्यश्रींनी मानेनेच हो म्हटलं. विजयश्रीने वाचलं: दत्तोबा, वय अडुसष्ट, मोबाइलवर पैसे पाठवायला शिकले, नातवाकडून.

"बरुबर हाय की!" दत्तोबा खूश झाले. "पोरीच्या अंगात देवी आली म्हना."

"कशाचं बरुबर?" मागून त्यांची बायको. "दोनदा चुकीच्या माणसाला पाठवलं. लिव म्हनावं, आजून शिकतोय."

मग कुणी थांबेना. माझं वाच, माझं वाच. एकाचं साफ चुकलेलं, त्याने पाच मिनिटं ताडताड सुनावलं आणि विजयश्रीने उभं राहून ऐकून घेतलं. एक आजोबा गेल्याच महिन्यात वारले होते; त्यांच्या नावापुढे तिने नातवाकडून फोटो पाठवायला शिकल्याचं लिहिलं होतं. ते वाचल्यावर त्यांचा मुलगा नुसता म्हणाला, "अण्णांना दिसत नव्हतं, ताई," आणि बसला. त्याच्यापुढे दत्तोबांचा हशा कुठल्या कुठे गेला. विजयश्रीला नंतर कुणी वाचनाबद्दल विचारलं की ती एवढंच सांगायची, बाकी काही सांगायची नाही.

सोजराबाईंचा कागद सगळ्यात शेवटी आला, बुधवारची तारीख असलेला. तो त्यांनी स्वतः मागून घेतला, सुनेकडून वाचून घेतला आणि घडी घालून कमरेला खोचला.

सोमवारी ती रुपीनगरला गेली. नवनाथराव पहिल्या शिफ्टवरून येऊन चहा घेत होते.

"पदवी जूनला नाही, दादा. डिसेंबरला."

"का?"

तिने सांगितलं. सगळं, तळवड्यापासून. कस्तुराबाईंनी मशीन थांबवलं होतं.

नवनाथरावांनी चहा संपवला. "अगं, कंपनीत सगळेच भरतेत तसं," ते म्हणाले. मग कप खाली ठेवत, "सगळ्यांला जून सांगून बसलो की मी."

"मीच येते सांगायला. कारखान्याच्या गेटवर."

"तू नको येऊ. मी सांगतो, नापास झाली म्हणून." हा शब्द त्यांनी एकदा उच्चारून बघितला, जड आहे का ते. "आता नुसती ती आठ घरं करायची का?"

"नाही. वीस. नव्याने."

"मग करावी लागतीलच," नवनाथराव म्हणाले, आणि कस्तुराबाई पोळ्या लाटायला आत गेल्या.

जुलैत ती पुन्हा पायथ्याच्या गावात फिरायला लागली, या खेपेला वरच्या आळीत. मागच्या वेळी तीन रविवारांत बारा घरं झाली होती. आता एकेका घराला एक सकाळ जायची, कधी दोन. काही घरं तिला ओळखत होती. "ही तीच, न येता लिवणारी," असं म्हणून पाट पुढे सरकवत होती. ऑक्टोबरपर्यंत अठरा झाली. उरलेल्या दोन घरांपैकी एका घराने बोलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दाराला ती चारदा गेली तेव्हा चारदा कुलूप होतं. त्या दोन कागदांवर तिने नाव आणि गेली त्या तारखा लिहिल्या, उत्तराची जागा कोरी ठेवली, आणि वीसच्या वीस कागद भाग्यश्रींच्या टेबलावर नेऊन दिले.